ढेकराला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? बर्प, बेल्च आणि बाकीच्या सगळ्या शंका

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पोरांच्या शाळेत इंग्लिश असं तिन्ही एकदम चाललेलं असतंय, त्यामुळं साध्यासाध्या शब्दांवर पण अडायला होतं. ढेकर हा त्यातलाच एक. पुस्तकात कुणी शिकवत नाही, विचारायला लाज वाटते, आणि गरज मात्र पडते, दवाखान्यात पडते, बाळ झालं की पडते, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पडते. म्हणून लोक जे विचारतात ते सगळं इथं एकत्र लिहून ठेवतोय.

ढेकराला इंग्लिशमध्ये नेमका शब्द कुठला?

एक नाही, तीन आहेत. बर्प, बेल्च आणि इरक्टेशन. अर्थ तिघांचाही एकच, पोटातली हवा तोंडावाटे बाहेर येणं. फरक आहे तो कुठं आणि कुणाशी बोलताय त्याचा. घरात, दोस्तांत, लहान पोरांसंगं बर्प. मोठा दणदणीत ढेकर असेल किंवा तक्रार म्हणून सांगायचं असेल तर बेल्च. डॉक्टरच्या कागदावर इरक्टेशन. एवढं लक्षात राहिलं तरी काम भागतं, पुढचं सगळं हौस म्हणून वाचा. आणि एकच शब्द पाठ करायचा असेल तर बर्प करा, माणसाच्या ढेकराला तो कुठंही चुकत नाही, फार तर जरा पोरकट वाटेल.

बर्प हा शब्द आला कुठनं?

अमेरिकेतनं, आणि तोही अगदी अलीकडं. छापलेला बर्प सापडतो तो साधारण १९३० च्या दशकाच्या आसपास. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या वयाचा शब्द म्हणायचा. तो कुठल्या जुन्या भाषेतनं आलेला नाही, आवाजावरनं पडलेला आहे, आपण धपकन, फसकन, कुरकुर म्हणतो तसाच. ओठ मिटून मग उघडले आणि मधून हवा सोडली तर जे ऐकू येतं तेच त्यांनी लिहून काढलं. पुढं १९४० च्या सुमारास बाळाला बर्प करणं हा वापर पण सुरू झाला, म्हणजे दूध पाजल्यावर त्याचा ढेकर काढणं, आणि आता तर हाच वापर सगळ्यात जास्त ऐकू येतो.

मग बेल्च जुना आहे काय?

लई जुना. हजार वर्षांमागच्या जुन्या इंग्लिशमध्ये बेआल्कन, बेआल्केटन असे शब्द होते, त्यातनं बेल्च आला. डच भाषेत बाल्कन म्हणून शब्द आहे, त्याचा अर्थ गाढवानं ओरडणं, मोठ्यानं बोंब मारणं, आणि जाणकार ह्या दोघांना चुलत भावंडं मानतात. बेल्चमध्ये जो दांडगेपणा आहे तो तसा मुळातनंच आलाय असं म्हणायला हरकत नाही. बर्प ऐकलं की हसू येतं, बेल्च ऐकलं की नाक मुरडावं वाटतं.

शेक्सपिअरच्या ट्वेल्फ्थ नाईटमध्ये एक खादाड, पिदाड काका आहे, त्याचं नावच सर टोबी बेल्च. इंग्लिश घेऊन बीए करणाऱ्या पोरांना हे नाव भेटतं आणि बऱ्याच जणांना ते खरं आडनावच वाटतं. मराठीत करायचं तर ढेकरे सरदार होईल. हे नाटक १६०२ च्या फेब्रुवारीत लंडनला झाल्याची नोंद आहे, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाला नुसत्या नावावरनं माणूस कसला आहे ते कळत होतं.

बेल्चचा दुसरा वापर पेपरात दिसतो. कारखान्याची चिमणी धूर बेल्च करते, ज्वालामुखी आग आणि राख बेल्च करतो, जुना ट्रक काळा धूर बेल्च करत घाट चढतो. आपल्या भागात साखर कारखाने म्हटल्यावर हे वाक्य कधी ना कधी लिहावं लागणारच. तिथं मराठी करताना चिमणीनं ढेकर दिला असं लिहू नका बरं, आपण चिमणी धूर ओकते म्हणतो, ज्वालामुखी आग ओकतो म्हणतो. आणि उलटं पण लक्षात ठेवा, ह्या ठिकाणी बर्प चालत नाही. चिमणी बर्प करते म्हटलं तर जोक होतो.

इरक्टेशन म्हणजे काय, हे कशाला एवढं मोठं नाव?

हा लॅटिनमधनं आलेला शब्द. लॅटिनमध्ये रुक्टारे म्हणजे ढेकर देणे, त्याला पुढं ए लावला की एरुक्टारे, बाहेर टाकणे. इंग्लिशमध्ये तो पंधराव्या शतकात आला आणि डॉक्टर-पंडितांच्याच तोंडी राहिला. स्पॅनिश लोक आजही एरुक्तो म्हणतात, इटालियन रुत्तो म्हणतात, ते सगळं एकाच घरातलं.

पण ह्यात मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. लॅटिन बायबलात एका स्तोत्राची सुरुवात अशी आहे की माझ्या हृदयानं चांगला शब्द बाहेर टाकला, आणि तिथं क्रियापद वापरलंय ते हेच, एरुक्टाविट. म्हणजे शब्दशः हृदयानं ढेकर दिला. आपल्याला हसू येईल, पण थांबा जरा. आपण सभेत म्हणतो की अध्यक्षांनी असे असे उद्गार काढले. हा उद्गार म्हणजे संस्कृतात ढेकरच की! वर येऊन बाहेर पडणारं ते उद्गार, मग हवा असू दे नाहीतर बोलणं. चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत, लघवी, शिंक, जांभई, भूक, तहान वगैरे, त्यात ढेकराला उद्गार असंच नाव आहे. रोमला आणि इकडं दोन्हीकडं माणसांना एकच सुचलं, आतनं दाटून आलेलं बाहेर पडलं की बोलणं काय आणि ढेकर काय. आता पुढच्या वेळी पेपरात आमदारांचे उद्गार वाचलं की तुम्हाला दुसरंच काहीतरी आठवणार, त्याला माझा इलाज नाही.

उच्चार कसा करायचा? पोरगं शाळेतनं वेगळाच शिकून आलंय.

बर्प मध्ये अमेरिकन लोक र स्पष्ट म्हणतात, ब्रिटिश लोक र जवळजवळ गिळतात आणि बऽप असं लांबवतात. आपण बर्प म्हटलं तर दोघांनाही कळतं. फक्त बरप किंवा ब्रप करू नका. बेल्चचा च हा चहातला च, चमच्यातला नाही, हे मात्र आपल्या लोकांनी मुद्दाम सांभाळायचं, कारण आपल्या तोंडात दोन्ही च बसलेले आहेत. इरक्टेशनमध्ये जोर टे वर.

वाक्यात कसं वापरायचं ते सांगा.

नाम पण आहे, क्रियापद पण आहे. आय बर्प्ड म्हणजे मला ढेकर आला. ही लेट आऊट अ बिग बर्प म्हणजे त्यानं मोठा ढेकर दिला. लेट आऊट हे जोडून येतं. आपण ढेकर देतो म्हणून ही गेव्ह अ बर्प असं तोंडात येतं, ते पण चालतं. बर्प इज कमिंग टू मी मात्र नको, तिथंच आपलं मराठी उघडं पडतं. आपल्याकडं ढेकर येतो, जसा पाहुणा येतो, आपला त्यात काही हात नाही. इंग्लिशमध्ये तो माणूसच करतो, जबाबदारी सगळी त्याच्यावर. सारखे ढेकर येतात म्हणायचं तर आय कीप बर्पिंग. बास.

ढेकर आला की ढेकर आली?

छापील मराठीत आला. बोलताना आपल्याकडं दोन्ही ऐकू येतं, आणि अनेकवचनात तर ढेकरा यायल्यात असंच म्हणतात बायकामाणसं. बोला तसं, पोराच्या निबंधात मात्र ढेकर आला लिहा म्हणजे मार्क जात नाहीत.

कन्नडमध्ये काय म्हणतात?

तेगु. सरकारी दवाखान्यात नर्स किंवा डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर हा शब्द कामाला येतो. उचकीला बिक्कळिके म्हणतात, ह्या दोघांत गोंधळ करू नका, औषध वेगळं मिळेल. हिंदीत डकार आणि गुजरातीत ओडकार, ते तुम्हाला माहीत असणारच.

बाळाला बर्प करा म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हणजे काय करायचं?

आपल्या आया-आज्ज्या करत आल्या तेच. दूध पिताना बाळ हवा पण गिळतं, ती पोटात राहिली की ते कण्हतं, पाय पोटाशी घेतं, नाहीतर दूध बाहेर काढतं. खांद्यावर उभं धरायचं, मान सांभाळायची, पाठीवर हळूहळू थोपटायचं किंवा खालून वर हात फिरवायचा. नाहीतर मांडीवर बसवून हनुवटीला हाताचा आधार देऊन तेच करायचं, पण हात गळ्यावर येता कामा नये. थोडा वेळ थोपटून ढेकर निघाला नाही आणि बाळ खुशीत असलं तर हट्ट करायचा नाही, प्रत्येक वेळी निघतोच असं नसतं.

खांद्यावर टाकायच्या फडक्याला बर्प क्लॉथ म्हणतात आणि ऑनलाईन ते बऱ्यापैकी महाग विकतात. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्याहून मऊ असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. लेक किंवा सून इंग्लंडात असेल तर आणखी एक, तिथं बाळाला विंड करणं असं पण म्हणतात, म्हणजे वारा काढणं. व्हिडीओ कॉलवर ऐकून घाबरू नका.

दवाखान्यात डॉक्टरला कसं सांगू?

आधी हे सांगतो की आपले बहुतेक डॉक्टर मराठी समजतात, तर मराठीतच सांगा. करपट ढेकर, आंबट ढेकर, रिकामा ढेकर हे आपले शब्द इतके नेमके आहेत की इंग्लिशमध्ये सांगायच्या नादात अर्धी माहिती गळून जाते. पण बेंगळुरू-हैदराबादला मुलाकडं गेला आणि इंग्लिशच बोलायची वेळ आली तर आय हॅव अ लॉट ऑफ बेल्चिंग म्हणा, इथं बर्पिंगपेक्षा बेल्चिंग शोभतं. आंबट ढेकराला सावर बेल्चिंग. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर सल्फर बर्प. तोंडाला एकदम पाणी सुटून आंबट वर आलं तर वॉटर ब्रॅश. गॅस ट्रबल हा शब्द आपल्या देशात सगळ्यांना कळतो, परदेशी डॉक्टरला मात्र तो ऐकून घरातल्या सिलिंडरचाच काहीतरी प्रॉब्लेम वाटेल.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, डावा हात किंवा जबडा दुखतोय आणि घरचे म्हणायलेत गॅस झालाय, सोडा पी, ढेकर आला की बरं वाटेल, तर सोडा बाजूला ठेवा आणि गाडी काढा. हार्ट अटॅकला गॅस समजून वेळ घालवलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. तसंच ढेकरांबरोबर वजन उतरत असेल, घास गिळायला अडकत असेल किंवा शौच काळं होत असेल तर ओवा-हिंगावर दिवस काढू नका, डॉक्टरला दाखवा.

पण ढेकर येतोच कशानं?

जेवताना, बोलताना, गडबडीत चहा ढोसताना आपण हवा गिळतो. ती पोटाच्या वरच्या भागात साठते, तो भाग ताणला की अन्ननलिकेच्या खालची झडप घटकाभर सैल पडते आणि हवा वर येते, घशाजवळच्या झडपेतनं जाताना ती थरथरते आणि तोच आपला आवाज. दिवसाला तीसेक ढेकरांपर्यंत नॉर्मलच धरतात, त्यातले बरेच तर आपल्याला कळत पण नाहीत. सोडा प्यायला की हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड असतो एवढाच फरक. गोटी सोड्याची ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली पेटंट केली होती, बाटलीतल्या गॅसच्या दाबानंच गोटी वर जाऊन तोंड बंद करते. जत्रेत मटण-भाकरी हाणल्यावर लिंबू सोडा पिऊन जो ढेकर येतो त्याला लोक जेवण पचल्याची पावती समजतात, पण तो ढेकर मटणाचा नसतोय, सोड्याचाच असतोय. बरं वाटतं ते पोटाचा ताण कमी झाला म्हणून. जेवण पचायला त्याला लागायचा तो वेळ लागणारच.

काही लोकांना दिवसभर एकामागोमाग ढेकर येतात, चार माणसांत बसले की जास्त, आणि झोपले की एकदम बंद. ह्यात बऱ्याच वेळा हवा पोटातनं येतच नाही, वरच्यावर अन्ननलिकेत ओढली जाते आणि लगेच बाहेर टाकली जाते. ती नकळत लागलेली सवय असते, अॅसिडिटीच्या गोळ्यांनी ती जात नाही, पोटानं श्वास घ्यायचा व्यायाम शिकवून कमी होते. आणि उलट, काहींना जन्मभर ढेकरच येत नाही! घशाकडची झडप उघडतच नाही, मग पोट फुगतं, गळ्यात गुरगुर आवाज येतात. रॉबर्ट बॅस्टियन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी २०१९ मध्ये ह्याच्यावर नीट लिहिलं, त्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन बऱ्याच जणांना फरक पडतो.

तृप्तीचा ढेकर ह्याचं इंग्लिश काय?

होत नाही. सॅटिस्फाइड बर्प म्हणून बघा, समोरचा हसेल नाहीतर दोन पावलं मागं सरकेल. आपल्याकडं पंगतीत मांडे आणि कुंदा खाऊन आजोबांनी ढेकर दिला की वाढणारीला बरं वाटतं. इंग्लिश बोलणाऱ्या घरात तोच ढेकर पार्डन मी म्हणून माफ करून घ्यावा लागतो. म्हणून भाव तेवढा उचला, आय हॅड माय फिल, किंवा नुसतं दॅट वॉज अ लव्हली मील.

तसंच गाळ्यांचे पैसे खाल्ले आणि ढेकर पण दिला नाही, हे. आपल्या गावच्या राजकारणाचा अर्धा कारभार ह्या एका वाक्यात मावतो, पण विदाउट अ बर्प म्हटलं तर इंग्लिश माणसाला वाटेल की बिचाऱ्याचं पोट बिघडलंय. तिथं ही पॉकेटेड इट क्वाएटली म्हणायचं, चव जाते पण अर्थ पोचतो.

गाईच्या ढेकरावर टॅक्स लावायलेत म्हणे, खरंय काय?

खरं होतं. गाय-म्हैस चारा खाते तेव्हा तिच्या पहिल्या पोटात जंतू तो आंबवतात आणि मिथेन तयार होतो, तो मुख्यतः तोंडावाटे बाहेर पडतो, मागनं नाही, लोक उगाच मागच्या बाजूला बदनाम करतात. एक मोठी गाय दिवसाला साधारण २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते. हवा तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी भारी, म्हणून न्यूझीलंडनं २०२२ मध्ये असा टॅक्स आणायचं ठरवलं, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले आणि २०२४ मध्ये नवीन सरकारनं तो बेत गुंडाळला. डेन्मार्कनं मात्र २०३० पासून लावायचं ठरवलंय. पेपरात काऊ बर्प असं लिहिलेलं दिसतं ते ह्याच संदर्भात.

रवंथ आणि ढेकर वेगळे हं. रवंथात चारा वर येतो, ढेकरात गॅस. ओला कोवळा घास जास्त खाऊन म्हशीचा ढेकर अडकला की डावी कूस फुगते, ती पोटफुगी, आणि तिथं तासांचा खेळ असतो, लगेच जनावरांच्या डॉक्टरला फोन.

बर्प गन, बर्प सूट हे काय प्रकार?

बर्प गन हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी जर्मन सबमशीनगनला ठेवलेलं नाव, पुढं कोरियाच्या लढाईत रशियन बनावटीच्या पीपीएसएच-४१ ला पण तेच नाव पडलं. गोळ्या इतक्या भराभर सुटायच्या की वेगवेगळ्या न ऐकू येता एकच लांब ढेकर ऐकू यायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आपलं, जुन्या फौजी काकांना विचारून बघा, कुणीतरी हे नाव ऐकलेलं निघेल.

बर्प सूट म्हणजे कपडे नाहीत. वेबसाईटमधल्या सुरक्षेच्या फटी शोधायचं ते सॉफ्टवेअर आहे, पोर्टस्विगर ह्या ब्रिटिश कंपनीचं. व्हीटीयूच्या कॉलेजात सायबर सिक्युरिटी शिकणारं पोरगं रात्रभर बर्प चालू आहे म्हणालं तर ओवा देऊ नका. टप्परवेअरचं झाकण लावताना कोपरा उचलून आतली हवा काढतात, त्याला पण तिकडच्या बायका बर्पच म्हणतात.

ढेकर दाबून ठेवावा काय?

अधूनमधून चारचौघांत दाबला तर काही बिघडत नाही, आवाज तेवढा दाबा आणि तोंडावर हात धरा. सवयीनं दाबत राहिलं तर पोट जड होतं. चरकानं ढेकर अडवल्यावर उचकी, धाप, तोंडाची चव जाणं असं सांगितलंय. आणि उगाच जोर करून ढेकर काढायची स्पर्धा पण नको. ऑस्ट्रेलियातल्या एकानं २०२१ मध्ये ११२.४ डेसिबलचा ढेकर देऊन गिनीज रेकॉर्ड केला, डीजेच्या भिंतीपुढं उभं राहिल्यासारखंच ते, पण त्याचं त्याला लखलाभ.

इंटरव्ह्यूत एकदम ढेकर आला तर?

एक्सक्यूज मी म्हणा आणि उत्तर पुढं चालू ठेवा. सॉरी सॉरी करत कारण सांगत बसू नका, सकाळी काय खाल्लं ते कुणाला ऐकायचं नसतंय. आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी पुरी-भाजी आणि कोल्ड्रिंक टाळा, इडली खाऊन जावा.